बाहेर असण्याची शक्यता

१

संभाव्यतेचा धडा मी दरवर्षी फाशांपासून सुरू करते. बारावीपर्यंत टिकणारी मुलं ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या कूबर पीडी गावात चार, फार तर पाच. त्यांच्या जोड्या लावायच्या. एकानं फासा टाकायचा, दुसऱ्यानं फळ्यावर रेघ मारायची, असं साठ वेळा. मग मी विचारते, प्रत्येक आकडा दहा वेळा यायला हवा होता ना, आला का? कुठं सहा रेघा असतात, कुठं पंधरा. मुलं हसतात. तिथून पुढं मी सांगते की सरासरी लांबून बघायची असते, जवळ गेलं की ती हाताला लागत नाही.

त्या सोमवारी ती हाताला लागली.

देस्पिनाच्या फळ्यावर सहाही आकड्यांपुढे दहा-दहा रेघा होत्या. देस्पिना हुशार आहे आणि आळशीही, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

"फासा टाकलास की नुसत्याच रेघा ओढल्यास?"

"टाकला, मिस. शप्पथ. आणि मलाच काय विचारताय, त्यांचं बघा ना."

दुसऱ्या जोडीच्याही दहा-दहाच होत्या. दोन्ही जोड्या वर्गाच्या दोन टोकांना बसल्या होत्या, आणि दुसऱ्या जोडीतला तोमा तर असा, की त्याला नक्कलसुद्धा धड करता येत नाही.

मी टेबलाच्या खणातून जुना लाकडी फासा काढला आणि स्वतः टाकायला लागले. मुलं मोठ्यानं मोजत होती, आधी चेष्टेत, मग हळू, आणि शेवटी शेवटी कुणीच मोजेना. नुसता खडूचा आवाज येत होता. एकच टाकणं उरलं. पाच आकड्यांपुढे दहा रेघा झाल्या होत्या, चारापुढे नऊ.

फासा माझ्या मुठीत होता. काय पडणार ते वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"टाका ना, मिस," देस्पिना म्हणाली.

मी तो पर्समध्ये टाकला आणि तास संपल्याचं सांगितलं. घंटा व्हायला अजून बराच वेळ होता, पण कुणी तक्रार केली नाही.

घरी चालत येताना मी हिशेब केला. फासा साठदा टाकून सगळे आकडे दहा-दहा येणं साधारण तेरा हजारांत एकदा घडतं. माझं राहिलेलं टाकणं धरून लागोपाठ तीनदा घडण्याला मी शब्दांत बसेल असा आकडा देऊ शकले नाही. पण तो शून्य नव्हता. शून्य नाही म्हणजे होऊ शकतं, हे मीच तर शिकवते.

गावात मात्र दुसरंच बोलणं चालू होतं. आधीच्या गुरुवारी व्हिंकोच्या ओपल रत्नांच्या खाणीत छत कोसळलं होतं, आणि तो एकही ओरखडा न उठता वर आला होता.

२

तोन्का ही व्हिंकोची बायको, माझी शेजारीण. चाळिशी उलटल्यावर तिला नर्स व्हायचं होतं आणि प्रवेशपरीक्षेतलं गणित आडवं येत होतं. मंगळवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून सराव करायची. आमचं घर वडिलांनी यंत्रानं टेकडी पोखरून केलेलं. भिंतींवर यंत्राच्या दातांचे गोल वळ अजून आहेत. खिडकी नाही. छतातून वर गेलेल्या हवेच्या नळीतून उजेडाचा एक कवडसा टेबलावर पडतो, आणि लांब कुठं कुणी खोदत असलं की कपबशा बारीक किणकिणतात.

त्या मंगळवारी तिनं आणलेलं गणित असं होतं: एक खाणकामगार तीन बोगद्यांच्या तोंडाशी अडकला आहे. पहिला बोगदा दोन तासांत बाहेर नेतो. दुसरा तीन तास फिरवून परत तिथंच आणतो. तिसरा चार तास फिरवून परत तिथंच. आपण कुठल्या बोगद्यातून आलो हे त्याला अंधारात कळत नाही, म्हणून दर वेळी तो तिन्हींतला कुठलाही निवडतो. बाहेर यायला त्याला सरासरी किती तास लागतील?

"कोण लिहितं गं हे?" तोन्का म्हणाली. "खाणीत उतरलाय का कधी मेला? भिंतीवर खूण करायची की खडूनं."

"खडू नाही त्याच्याकडे."

"मग टोपी ठेवायची तोंडाशी."

"तोन्का, तो गणितातला माणूस आहे. त्याला टोपी नाही."

"बिचारा."

मी तिला रीत दाखवली. उत्तराला क्ष म्हण. तो परत त्याच जागी आला, की त्याच्यापुढं पुन्हा अख्खा क्ष उभा राहतो. आधीचं चालणं वाया गेलं. तिन्ही वाटा सारख्याच शक्यतेच्या, म्हणून तिन्हींची बेरीज करून तिनानं भागायचं. तोन्का जीभ दाताखाली धरून मांडत गेली. दोन. तीन आणि क्ष. चार आणि क्ष. मग एका बाजूला एकटा क्ष उरला आणि तिची पेन्सिल थांबली.

"नऊ."

"बरोबर. बघ, उगाच घाबरत होतीस."

ती कागदाकडेच बघत राहिली. "गुरुवारी व्हिंको सातला उतरला होता. चारला वर आला."

"मग?"

"मग नऊ."

"अगं, कुणी ना कुणी नऊ तासांनी येणारच की. योगायोग."

"दाढीही योगायोग?"

व्हिंकोच्या दाढीबद्दल मी ऐकलं होतं. धुळीनं दाट दिसत असेल, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते.

"सकाळी माझ्यासमोर दाढी केली त्यानं," तोन्का म्हणाली. "हनुवटीला कापलं, मी कागदाचा तुकडा चिकटवला. वर आला तेव्हा महिन्याभराची दाढी होती, मिलेना. धुळीला कात्री लावावी लागत नाही. मी लावली."

टेबलावरच्या कपबशा किणकिणल्या. त्या दुपारी आमच्या बाजूला कुणी खोदत नव्हतं, पण आवाज लांबूनही येतो.

३

शनिवारी व्हिंको स्वतः आला. मी दारापुढच्या पत्र्याखाली कपडे वाळत घालत होते. आत चल, कॉफी टाकते, म्हटलं तर म्हणाला, "आत नको," आणि उन्हातल्या खुर्चीवरच बसला. तो माझ्या वडिलांबरोबर खोदकाम केलेला माणूस, मला लहानपणापासून ओळखणारा. एरवी आला की आधी चिडवणार, मास्तरीणबाई, आज कुणाला नापास केलंत. त्या दिवशी त्यानं तसं काही विचारलं नाही.

"तोन्कानं तुझं गणित दाखवलं मला," तो म्हणाला. "तीन बोगद्यांचं."

"माझं नाही, पुस्तकातलं."

"ती जागा आहे. मी होतो तिथं."

मी हातातला टॉवेल दोरीवर टाकला. "तुझ्या खाणीत एकच बोगदा आहे, व्हिंको. तूच खोदलाय."

"हो. छत पडल्यावर तीन होते." तो शांतपणे सांगत होता, जणू कुणा तिसऱ्याचं. "एकात शिरलो. चालून चालून परत तिथंच. दुसऱ्यात शिरलो, तेच. मग एकदा पुढं शिडी दिसली. वर ऊन. तोन्का डबा घेऊन उभी. रडली, मी पण रडलो. घरी गेलो, जेवलो, झोपलो. गावानं दारू पाजली."

"तेच सांगतेय मी. सुटलास तू."

"ही गोष्ट या वेळची नाही," तो म्हणाला. "ही पहिल्या वेळची."

मी बादलीतून पुढचा कपडा उचलला.

"काही दिवस गेले. एके सकाळी शिडीवरून उतरलो, तर खाली पुन्हा तीन तोंडं. पुन्हा चाललो. पुन्हा शिडी, पुन्हा तोन्का, डबा. पुन्हा काही दिवस. हे तिसरं बाहेर येणं आहे, मिलेना. वाटा तीन आहेत. परत आणणारी वाट मधे ऊन दाखवते, बायको दाखवते. बाहेर नेणारी पण तेच दाखवणार. मग मी बाहेर आहे की नाही हे ओळखायचं कसं?"

"डोक्याला मार लागला असेल तुझ्या," मी म्हणाले. "अ‍ॅडलेडच्या मोठ्या इस्पितळात दाखवून घे. माणूस अंधारात तासन्‌तास अडकला की स्वप्न आणि जागेपण यांची गल्लत होते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

"एक ओळखीची खूण आहे," तो पुढं बोलला, माझं जणू त्यानं ऐकलंच नाही. "खोट्या ठिकाणी सगळं फार सारखं असतं. क्लबात पत्ते खेळलो. एक डाव माझा, एक समोरच्याचा, एक माझा, एक त्याचा. सबंध संध्याकाळ. खऱ्या जगात असं होत नाही, नशीब डोक्यावर बसतं नाहीतर पायाखाली येतं." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "देस्पिनाचा बाप सांगत होता, तुमच्या वर्गात काहीतरी झालं."

"योगायोग होता."

"बरं."

माशी माझ्या हातावर बसली. मी ती हाकलली. सगळं नेहमीसारखं होतं, ऊन, धूळ, समोर खाणीतल्या पांढऱ्या मातीचे ढीग, कुणाचा तरी कुत्रा. मला राग आला. एवढं सगळं नेहमीसारखं असताना हा माणूस माझ्या दारात बसून मलाच पुसून टाकत होता.

"मग मी कोण?" मी विचारलं. "खोटी?"

"तू मिलेनाच आहेस. तेच तर वाईट आहे. दर वेळी तू मिलेनाच असतेस. असंच कपडे वाळत घालत असतेस."

"आणि दर वेळी तू येऊन हेच विचारतोस?"

"हो."

"मी काय सांगते?"

"थांब म्हणतेस. जाऊ नको."

मी तेच सांगणार होते. शब्द ओठांवर आले होते.

"मी बाहेर असण्याची शक्यता किती ते सांग," तो म्हणाला. "तुला येतं ते. तीनातली एक ना?"

त्यानं सांगितलं ते खरं धरलं, तर तिन्हींतल्या दोन वाटा परत आणणाऱ्या आणि एक बाहेरची. शिडी आणि ऊन तिन्हींकडे सारखं. मग यापेक्षा वेगळं उत्तर येत नव्हतं. मी मनातल्या मनात दुसरीकडून मांडून पाहिलं, तरी तेच आलं.

"हे असं मोजायचं नसतं," मी म्हणाले. "समज तू बाहेर आहेस. मग खाली जाऊन जीव घालवशील. तोन्का इथं एकटी पडेल."

"आणि समज, मी बाहेर नाही. मग ती वर डबा घेऊन कधीची उभी आहे." तो उठला. "इथं थांबलो तरी एके सकाळी मी खालीच असणार. तेवढं मला कळलंय. निदान आपल्या पायांनी जावं."

"थांब, व्हिंको. जाऊ नको."

तो हसला, पण ते हसू त्याचं नव्हतं. थकलेल्या माणसाला कुणी पाठ झालेली गोष्ट परत सांगितली की तो हसतो, तसं.

४

रविवारी चर्चला जातो म्हणून तो निघाला आणि हेल्मेट घेऊन गेला. तोन्का धावत माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

बचावपथक म्हणजे गावातलीच माणसं. त्यांचा म्होरक्या डोनल, दांडगा आणि शांत, गुरुवारीही तोच उतरला होता. ती सगळी सकाळभर खाली होती. दुपारी वर आली, तोंडं धुतली, सावलीत बसली.

"एकच बोगदा आहे," डोनल म्हणाला. "थोडं पुढं गेलं की भिंत. नव्यानं ढासळलेलं काही नाही, खोदलेलं काही नाही. तो इथं उतरलाच नसेल, बाई."

"त्याची गाडी ही उभी आहे," तोन्का म्हणाली.

"ते बघतोय मी." त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली.

बाटली खाली येईपर्यंत तोन्का कुणाचं तरी हेल्मेट डोक्यावर चढवून शिडीवर पोचली होती. मीही एक हेल्मेट उचललं आणि तिला परत आणायला म्हणून मागोमाग उतरले. वरून डोनल ओरडत होता, मग त्याचा आवाज लहान झाला.

खाली गार होतं. हेल्मेटच्या दिव्यात गुलाबी दगड, यंत्राचे वळ, माझ्या स्वयंपाकघरातल्यासारखेच. तोन्का पुढं, मी मागं.

"आता भिंत येईल," मी म्हणाले. "हात लाव आणि परत फिर. तुझं मन शांत होईल."

भिंत येईना. आम्ही चालत राहिलो. मी स्वतःला सांगत होते की अंधारात अंतर मोठं वाटतं, याचे प्रयोग झालेत, हे मला ठाऊक आहे. पायाखालचा चुरा बदलला, मऊ झाला. मग दोन्ही बाजूंच्या भिंती दूर गेल्या आणि आमच्या पावलांना घुमारा आला.

समोर तीन तोंडं होती.

तोन्कानं माझा हात धरला. दोन तोंडांतून गार वारा येत होता, तळघराचा असतो तसा. मधल्या तोंडातून येणारा वारा ऊन होता. त्याला तापलेल्या मातीचा वास होता. आणि त्याच्या टोकाला, फार लांब, उजेड पडला होता. शिडीच्या खालच्या पायऱ्या उजेडात होत्या. त्यांवरून दोन बूट वर चढत होते. एक पाय, दुसरा पाय, हळूहळू. मग ते वर उजेडात दिसेनासे झाले.

"आलास?" वरून कुणीतरी म्हणालं. "जेवण गार झालं की रे."

तो तोन्काचा आवाज होता. माझ्याशेजारी तोन्काचे ओठ मिटलेले होते. माझा दिवा तिच्या चेहऱ्यावरच होता.

मग व्हिंको हसला. त्याचं खरं हसणं, घशातून खाकरत येणारं. गेल्या दहा दिवसांत ते मी ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पाऊल मी उचललं. तोन्कानं नव्हे. मला तिथं जायचं होतं. त्या उन्हात जायचं होतं. तोन्कानं माझा हात सोडला नाही.

"कुठं निघालीस?"

"बाहेर."

"ऐकलंस ना? तिथं मी आहे." ती हळू बोलत होती, मूल झोपलेलं असताना बोलावं तसं. "मी आहेच तिथं, मिलेना. तू पण असशील. दुसऱ्या मिलेनाला कुठं बसवतील?"

लांबचा उजेड तसाच होता. वरची तोन्का काहीतरी सांगत होती, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. माझ्याजवळची तोन्का तो सूर संपेपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं मला वळवलं.

परतीचं चालणं मला आठवत नाही. शिडीच्या तोंडाशी डोनल ओणवा झाला होता आणि त्याच्या हातातली बाटली अजून अर्धी भरलेली होती.

"भिंत लागली ना?" त्यानं विचारलं.

"लागली," तोन्का म्हणाली.

५

व्हिंको सापडला नाही. पोर्ट ऑगस्टा शहरातून पोलीस आले, चौकशी झाली, बायकोशी भांडण होतं का इथपर्यंत विचारून झालं. नंतर बुलडोझर आणून ती खाण बुजवली. लोकांना वाटलं, तोन्का आकांत करेल. ती हाताची घडी घालून बघत उभी राहिली. मातीचा शेवटचा ढीग पडला तेव्हा एवढंच म्हणाली, "पोचला तो. तिच्याकडे का होईना." मग घरी येऊन तिनं कोबीच्या पानांत खिमा भरून शिजवला, एका माणसापुरता, आणि माझ्यासमोर बसून खाल्ला.

ती परीक्षा पास झाली. आता इथल्याच दवाखान्यात काम करते. गावाबाहेर जात नाही. मी एकदा तिला विचारणार होते, खाली त्या तोंडांपुढून आपण कुठल्या वाटेनं परतलो, तुला आठवतं का? पण तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, तिला आठवत असावं. म्हणून नाही विचारलं.

मी बदली मागितली होती, समुद्रकाठच्या शाळेत. ती मंजूर झाली. सामान बांधून गाडीत ठेवलंय. गाव सोडल्यावर दिवसभराचा सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना काही नाही, आणि मग समुद्र. रोज सकाळी मी गाडीत बसते. किल्ली लावते. समोर रस्ता दिसतो, शेवटच्या पाटीपर्यंत. त्या पाटीपुढं समुद्र असण्याची शक्यता माझ्या दृष्टीनं पुरेशी मोठी आहे. मी ती निरनिराळ्या रीतींनी काढून पाहिली आहे. तरी हात पुढं जात नाही. जात नाही तोवर तिथं समुद्र असतो. गेल्यावर काय असेल ते गेल्यावरच कळणार.

काल तोन्का कामावर जाताना गाडीपाशी थांबली. काचेवर बोटांनी टकटक केलं. मी काच खाली घेतली.

"अजून इथंच?"

"निघतेय."

तिनं आत वाकून मागच्या सीटवरची खोकी नीट केली, एकावर एक सरळ. मग माझ्या गालाला हात लावला. तिचा हात ऊन होता आणि त्याला साबणाचा वास होता. ती मला चिडवत नव्हती, घाबरवतही नव्हती. मायेनंच बोलली.

"जा गं," ती म्हणाली. "फार तर काय होईल? परत येशील."